दिवलीची शेंग

"ही नवी जात आहे, मॅडम. लिहून देतो," असं म्हणत अस्लम मुकादमने माझ्या टेबलावर वर्तमानपत्राची घडी उलगडली.

आत दाबून वाळवलेलं वीतभर झाड होतं. खाली सुपारीएवढा कंद, वर गवताच्या पात्यासारखी अरुंद पानं आणि शेंड्याजवळ एकच आखूड शेंग. शेंगेवर बारीक पुटकुळ्या, कोवळ्या कारल्यावर असतात तशा.

मी भिंग उचललं नाही. गरजच नव्हती.

"कुठे मिळालं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"खैरवण्याच्या सड्यावर. वरच्या कातळपठारावर."

अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. मी तेव्हा कोल्हापुरात राहायचे आणि वनस्पतींची चित्रं काढायचे. काळ्या शाईने, बारीक निबच्या टाकाने. फोटो काढणारे पुष्कळ होते, पण फोटोत फूल पानाआड लपतं, केसर एकमेकांत मिसळतात. शाईच्या चित्रात मात्र कंद, पान, उभं चिरलेलं फूल, शेंग, बी सगळं एका कागदावर वेगवेगळं मांडता येतं. म्हणून नवं झाड सापडलं की संशोधक माझ्याकडे यायचे. मुकादम रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवायचा. वय तिशीचं, बोलणं भरभर, आणि झाडाला हात लावताना मात्र अगदी सावकाश. यापूर्वी त्याच्यासाठी मी दोन चित्रं काढली होती.

"त्या सड्यावर बॉक्साइटची खाण येतेय," तो सांगू लागला. "कंपनीला झाडांचं सर्वेक्षण करून हवं होतं, ते मी केलं. तुमच्या चित्रामुळे तिथे दिवली ही दुर्मिळ वनस्पती असते हे माहीत होतं, म्हणून मुद्दाम तीच शोधत होतो. पण दिवली फुलते भाद्रपदात, ती पण आठ-दहा दिवस. मी गेलो तेव्हा नुसत्या शेंगा. तुमच्या चित्रात दोन शेंगांची जोडी आहे. लांब, गुळगुळीत. आणि ही बघा. एकटी, आखूड, खरबरीत. म्हणजे ही दिवली नव्हे."

"अहवालात काय लिहिलंत?"

"दिसलं ते. दिवली आढळली नाही, पण तिच्याच कुळातलं एक वेगळं झाड आढळलं, त्याचा अभ्यास व्हावा. कंपनीने पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं गाळलं." तो कडवट हसला. "चार डिसेंबरला जनसुनावणी आहे. तेवढ्यात तुम्ही चित्र दिलंत तर मी उभा राहून सांगेन, सड्यावर नवीन जात आहे, खोदू नका. होईल ना?"

"ही नवीन नाही, मुकादम. ही दिवलीच आहे."

"आणि शेंग?"

"शेंग मी न बघता काढली होती."

मग त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

मी त्याला सांगितलं ते असं.

चौदा वर्षांपूर्वी मी दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं काढत होते. माझी दोन-तीन चित्रं बघून डॉ. वामन खांबेटे यांनी मला बोलावलं. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते. अंक उघडून म्हणाले, "ही बाई छान काढलीस. तिच्यामागे झाड कसलं आहे?"

"झाड आहे, सर."

"ते दिसतंय. कसलं?"

मला सांगता येईना. "कसलं ते ठाऊक नसेल तर काढू नकोस," सर म्हणाले. "तिला नुसत्या भिंतीपुढे उभी कर." तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली.

त्याच वर्षी भाद्रपदात सर मला खैरवण्याला घेऊन गेले. सत्यभामा गवस नावाची एक बाई सड्यावर गुरं चारायची. सगळं गाव तिला भामाकाकी म्हणायचं. तिनेच सरांना ते फूल दाखवलं होतं. देवळातल्या छोट्या टांगत्या दिव्यासारखं, खाली फुगीर, वर निमुळतं. गावात त्याला दिवली म्हणत. शास्त्रात त्याची नोंद कुठेच नव्हती. चार दिवस मी त्या कातळावर पालथी पडून चित्रं काढत होते. भामाकाकी शेजारी बसून बघायची आणि मध्येच सांगायची, "गो बाय, ह्यो ठिपको राव्हलो."

चित्र पुरं झालं. तेवढ्यात नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं की फळाचं चित्र जोडा. तेच झाड गोव्याकडच्या कुणाच्या हाती लागलंय अशीही कुणकुण होती. कार्तिकापर्यंत थांबलो असतो तर नोंद दुसऱ्याच्या नावावर झाली असती. सरांच्या पत्नी तेव्हा दवाखान्यात होत्या. सर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते आणि तिथेच मला म्हणाले, "या कुळात सगळ्यांच्या शेंगा जोडीने असतात, गुळगुळीत असतात. तशा काढ. कार्तिकात जाऊन खात्री करू."

मी काढल्या. कार्तिकात सरांच्या पत्नी गेल्या. खैरवण्याला कोणी गेलं नाही. चित्र छापलं गेलं, पुढे तीन ग्रंथांत आलं, आणि प्रत्येक ठिकाणी खाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं, कुमुद कशाळीकर.

मुकादम पुन्हा त्या शेंगेवर वाकला. मग म्हणाला, "हे सुनावणीत सांगावं लागेल."

"हो."

"खांबेटेसरांचं नाव येईल."

"त्यांना मी भेटते," मी म्हटलं.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांकडे गेले. बाहत्तर वर्षांचे झाले होते. मुलगा परगावी, घरात एकटेच. मी वर्तमानपत्राची घडी त्यांच्या पुढ्यात उघडली. त्यांनी चष्मा काढला, भिंग डोळ्याला लावलं आणि शेंगेवर इतके वाकले की नाक कागदाला टेकेल असं वाटलं.

"अरे वा," ते पुटपुटले. मग म्हणाले, "दिवली."

"हो, सर."

"एकटी शेंग. दुसरी लहानपणीच गळते वाटतं. इथे खूण आहे बघ." त्यांना आधी आनंद झाला. मग भिंग खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं. मी खाणीचं, अहवालाचं, सुनावणीचं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर शेंगेवरच होती.

"म्हणजे आपल्या दोन शेंगांमुळे सडा जाणार."

मी मान हलवली.

"आपल्या नाही," सर म्हणाले. "माझ्या. तू सांगितलेलं काढलंस. मी येतो सुनावणीला."

"सर, घाटातून पाच तासांचा प्रवास आहे. तुम्ही पत्र लिहा, मी वाचून दाखवते."

"चूक छापून चारचौघांत केली. ती पत्राने कशी निस्तरायची?" ते उठले, आत गेले, स्वतः चहा टाकला. माझी साखर दीड चमचा, हे त्यांना इतक्या वर्षांनीही आठवत होतं.

मला आणखी एक गोष्ट सांगायची होती. खरं तर तीच सांगायला मी गेले होते. चहाचा कप हातात धरून मी दोनदा तोंड उघडलं. पण सरांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि इतकं सहज घेतलं होतं की मला तिथे शिरायला जागाच सापडेना. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कप विसळून ठेवला आणि घरी आले.

* * *

सुनावणी तालुक्याच्या गावी, एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर अपर जिल्हाधिकारी, खाली एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला खैरवण्याची. बायका मागच्या रांगांत. मी वळून पाहिलं तेव्हा भामाकाकी लगेच ओळखू आली. केस पिकले होते, पण बसणं तसंच, एक पाय खुर्चीवर घेऊन. तिने मला हात केला. मीही केला आणि पटकन पुढे बघायला लागले.

गावातली पोरं दोन्ही बाजूंनी बोलली. काहींना खाणीतली नोकरी हवी होती, काहींना सड्याखालच्या झऱ्याची काळजी होती. मग मुकादमने आपला अहवाल चुकल्याचं सांगितलं. तो खाली बसल्यावर सर उठले. माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि एखाद्या वर्गात शिकवावं तसं शांतपणे, क्रमाने सगळं सांगितलं. संपादकांचं पत्र, घाई, न बघितलेली शेंग. पत्नीचं आजारपण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

कंपनीचे वकील उठले. आवाज अगदी नम्र. "सर, आपल्याबद्दल मला आदर आहे. फक्त एक समजावून सांगा. चौदा वर्षं आपण चुकीचं चित्र बरोबर म्हणून चालू दिलंत. आज म्हणता ते चूक होतं. मग आजचं बरोबर कशावरून? उद्या म्हणाल, फूलही मनानेच काढलं होतं."

हॉलमध्ये हशा पिकला. सरांनी हशा ओसरू दिला.

"चूक लक्षात आली तेव्हा सांगायला आलो," सर म्हणाले.

"आणि चित्रकार बाई? त्यांच्या कधी लक्षात आलं?"

"तिला काय विचारता?" सर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तिचा काही संबंध नाही. मी सांगितलं ते तिने काढलं. तिला गेल्या आठवड्यात कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ती माझ्या दारात उभी होती. इतकी प्रामाणिक मुलगी मी दुसरी पाहिली नाही."

मी एक्केचाळीस वर्षांची होते. सर मला मुलगी म्हणत होते.

मी उठले. माईकपाशी गेले तेव्हा सरांनी बाजूला सरकून मला जागा दिली. त्यांना वाटलं असावं, मी त्यांच्या बाजूने बोलायला आले.

"मला गेल्या आठवड्यात नाही कळलं," मी म्हटलं. "चौदा वर्षांपूर्वीच कळलं होतं."

मी सरांकडे बघितलं नाही. स्टेजवरच्या साहेबांकडे बघून बोलत राहिले, कारण ते माझ्या ओळखीचे नव्हते.

"खैरवण्याच्या सत्यभामा गवस यांना आम्ही म्हणालो होतो, शेंग बघायला कार्तिकात येऊ. आम्ही गेलो नाही. म्हणून दिवाळीनंतर त्यांनीच शेंग पाठवली. एसटीचे एक कंडक्टर पुडी घेऊन सरांच्या विभागात आले. वडाच्या पानात बांधलेली, वर कागद. कंडक्टर म्हणाले, पोचल्याच्या दोन ओळी लिहा, ती वाट बघतेय. मी पुडी उघडली. आत शेंग होती, एकटी, अशीच खरबरीत. चित्र एक महिना आधी गेलं होतं, पण छापायला अजून दोन महिने होते. दुरुस्त करता आलं असतं."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"झाडाचं ते माझं पहिलं चित्र होतं. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं. परत मागवलं असतं तर कदाचित छापलंच गेलं नसतं. म्हटलं, शेंग कोण बघतंय. दुसऱ्या दिवशी ती शेंग विभागामागच्या बागेत टाकली. सरांना सांगितलं नाही. पत्राच्या दोन ओळीही लिहिल्या नाहीत, कारण लिहिल्या असत्या तर ती मिळाल्याचा पुरावा झाला असता."

वकील म्हणाले, "म्हणजे बाई स्वतःच खोटेपणा कबूल करताहेत, साहेब."

"करतेय," मी म्हटलं. "पण फूल खोटं नाही." मी पिशवीतून माझी सड्यावरची वही काढली आणि स्टेजवर दिली. साहेबांनी पानं उलटली. प्रत्येक आकृतीखाली तारीख होती, वेळ होती, जागा होती. शेवटी ते छापील चित्राच्या कच्च्या खर्ड्यापाशी आले आणि थांबले.

"या शेंगांखाली तारीख नाही."

"नाही," मी म्हटलं. "त्या मी बघितल्याच नव्हत्या."

त्यांनी वही मिटली, शेजारच्या अधिकाऱ्याशी दोन शब्द बोलले आणि लेखनिकाला सांगितलं, "पुढच्या भाद्रपदात, फुलांच्या दिवसांत पुन्हा सर्वेक्षण. तोवर निर्णय नाही."

खैरवण्याच्या बाजूने टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या थांबायच्या आत मागून भामाकाकीचा आवाज आला. ती उभी होती.

"गो बाय," ती म्हणाली, "म्हणजे ती पुडी पोचली होती?"

"पोचली होती, काकी."

"तुज्या हातात?"

"माझ्या हातात."

ती तशीच उभी राहिली. शेजारच्या बाईने पदर ओढून तिला बसायला सांगितलं, तरी ती बसली नाही.

* * *

बाहेर मांडवाच्या खांबाला टेकून सर उभे होते. मुकादम जीप आणायला गेला होता. मी जवळ गेले. मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर सोपं झालं असतं.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तुमच्या घरी तेव्हा सर, काकूंचं..."

"हो. बारा दिवस नव्हतंच सांगायचं. तेराव्या दिवशी सांगायचंस." ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "चौदाव्या दिवशी मी खैरवण्याला गेलो असतो. मला तेव्हा कुठेतरी जायला हवं होतं, कुमुद. कुठे जावं तेच सुचत नव्हतं."

पुढचं सांगून टाकते. भाद्रपदात सर्वेक्षण झालं, मुकादम होता, मी होते. दिवलीची दोनशे सोळा झाडं मोजली, त्यातली बहुतेक सड्याच्या दक्षिणेकडे, झऱ्याच्या वर. कंपनीला उत्तरेचा भाग मिळाला, दक्षिणेचा वाचला. उत्तरेकडे आज नुसता लाल खड्डा आहे. मी चित्र पुन्हा काढलं, एका शेंगेचं. त्याखालच्या टिपणात सरांनी आपली चूक स्वतःच्या शब्दांत लिहिली, आणि शेंग पहिल्यांदा कोणी पाठवली होती तेही लिहिलं. त्यानंतर सर सहा वर्षं जगले. त्या काळात त्यांनी माझ्याकडून अकरा चित्रं काढून घेतली. प्रत्येक चित्र हातात घेतलं की हळूच विचारायचे, "सगळं बघितलंस?" पूर्वी विचारत नसत.

पण त्या दिवशीची दुपार अजून संपली नव्हती.

सर जीपमध्ये बसले आणि मी चढणार, तेवढ्यात भामाकाकीने माझा दंड धरला.

"तू माज्याबरोबर चल," ती म्हणाली. "लांब नाय. डेपोच्या मागे."

"कुठे, काकी?"

"आबाकडे."

मला कळेना. ती झपाझप चालत होती आणि मी मागून. चालता चालता तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता. तो कंडक्टर तिचा धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेले, तिनेच त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो दारूत बुडाला. नोकरी जायची वेळ आली. त्या वर्षी गणपतीत तिने त्याला देवासमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. पुढे दिवाळीनंतर, कार्तिकातल्या उन्हात तीनदा सडा चढून तिने ती शेंग शोधली आणि त्याच्या हातात दिली.

"माका वाटला, शिकलेली माणसां दोन वळी तरी लिवतील," ती म्हणाली. "म्हयनो गेलो, दोन गेले. मी आबाक इचारलंय. तो म्हणालो, दिली. मी म्हटलंय, खोटा बोलतंस. दारू पिवन खंय तरी टाकलंस, आणि देवाची शपथ मोडलंस." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा चालू लागली. "दुसऱ्या वर्सा भाऊबीजेक इलो. मी दार उघडूक नाय. मगे तो येवचोच बंद झालो."

तेरा वर्षं. ती तालुक्याला बाजाराला यायची, तो डेपोच्या मागे राहायचा, आणि रस्त्यात समोर आली तरी दोघं दोन बाजूंनी जायची.

घर लहानसं होतं. दारापुढच्या सारवलेल्या खळ्यात एक माणूस काथ्याचं सुंभ वळत बसला होता. किडकिडीत, टक्कल पडलेला, अंगात बाहीचा बनियन. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला. माझ्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. तो फक्त बहिणीकडे बघत होता.

भामाकाकी खळ्याच्या कडेलाच थांबली. पुढे पाऊल टाकलं नाही. मला म्हणाली, "सांग तेका."

मी सांगितलं. सभेत सांगितलं होतं तेच, पण तिथे शब्द आले होते तसे इथे येईनात. साहेब, वकील, छापील चित्र यांपैकी इथे काहीच नव्हतं. एक माणूस होता, ज्याने माझ्या हातात पुडी दिली होती, आणि मी ती घेतली होती.

तो सगळं ऐकून घेत होता. मग त्याने विचारलं, "वरच्या माळ्यार? जिन्याच्या बाजूच्या खोलीत?"

"हो."

"तुमी टाकान कायतरी काढत होतास. हाताक शाय होती. माका म्हणालास, थांबा, हात धुवन घेतंय, नायतर पुडयेक डाग पडात."

ते मी विसरून गेले होते. त्याने सांगितल्यावर आठवलं. खरंच तसंच म्हणाले होते. "हो," मी म्हटलं.

"मगे हात धुवन इलास आणि पुडी घेतलास."

"हो."

प्रत्येक 'हो' झाल्यावर तो माझ्याकडे नाही, बहिणीकडे बघायचा.

"ह्यां सगळां मी तिका सांगलेलंय," तो म्हणाला. "शायेसकट."

"सांगलंस," भामाकाकी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "माका वाटला, रचतंस."

"त्या गणपतीपासून दारूक हात लावक नाय मी. अजून नाय."

"माका म्हायत नाय होता, आबा."

"तुका म्हायत करून घेवक होया होता," तो म्हणाला. रागाने नाही. खूप वर्षं मनात घोळवून घोळवून झिजलेलं वाक्य असतं ना, तसं ते बाहेर आलं.

तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि मान खाली घातली. इतकी वर्षं सड्यावर गुरांच्या मागे ताठ चाललेली बाई, पण त्या खळ्याच्या कडेला तिला उभं राहवेना.

आबा ओट्याकडे वळला. मग ओट्यावर पसरलेलं सुंभ गोळा केलं, बाजूला केलं, आणि तिथे जागा झाली.

"उबी कित्याक?" तो म्हणाला. "बस."

ती आली आणि ओट्यावर बसली. तोही बसला, मध्ये हातभर अंतर ठेवून. दोघंही समोर बघत होती. कोणी रडत नव्हतं. रस्त्यावरून डेपोत शिरणाऱ्या एका गाडीचा घरघराट आला आणि गेला.

मला कोणी बसा म्हटलं नाही. कोकणात दारी आलेल्याला बसा म्हणायचं कोणी विसरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी जराशी उभी राहिले आणि मग आवाज न करता निघाले.